जाऊ तर नऊच्या नऊ

रशियाहून परत येताना ताश्कंदच्या विमानतळावर आम्ही नऊ जण पाच दिवस अडकलो. भिलाईत आमच्या बॅचचा विषय निघाला की लोक अजून हेच सांगतात, की पोरांनी काय एकी दाखवली, एकटा कोणी पुढं निघून आला नाही. ती एकी मी घडवली. ठराव माझा, घोषणा माझी, कागदावरचं अक्षरही माझं. त्या एकीच्या पोटात काय होतं ते मात्र मी कुठल्या पत्रकात छापलं नाही. इथं लिहितो.

मी दुर्गचा. वडील रेल्वेत पॉइंट्समन, गाड्यांचे सांधे बदलणारे. मूळ आम्ही वर्धेकडचे, पण माझा जन्म यार्डाच्या कडेच्या एका खोलीच्या रेल्वे क्वार्टरात झाला. सहा घरांत एक नळ, विजेचं नाव नाही. मॅट्रिक झाल्यावर मी भिलाईच्या कारखान्यात ट्रेनी म्हणून लागलो. कारखाना तेव्हा अजून बांधूनच होत होता. एक भट्टी पेटली होती, दुसरीचं लोखंड वर चढत होतं, आणि लाल मुरमाची धूळ जेवणाच्या डब्यापर्यंत पोचत होती. लागल्या लागल्या मी युनियनच्या पत्रकांच्या कामात पडलो. सायक्लोस्टाईलच्या शाईनं माझी नखं कायम काळी. होस्टेलला पाणी आलं नाही, पत्रक. कँटीनच्या डाळीत खडा, पत्रक. ठेकेदारानं मातीची घमेली वाहणाऱ्या रेजा बायांना भर उन्हात हजेरीसाठी उभं ठेवलं, मोठं पत्रक. तरी कोक भट्ट्यांचं काम शिकायला रशियात पाठवायच्या यादीत माझं नाव आलं. ऑफिसात कोणीतरी म्हणालं म्हणे, "भेजो साले को, नौ महीने शांति रहेगी."

नऊ महिने शांती राहिली. आम्ही नऊ जण तिथल्या एका कारखान्यात कोळसा भाजून कोक करायचं काम शिकलो. मी पुशर शिकलो. तापलेल्या कोकचा अख्खा गठ्ठा भट्टीतून बाहेर ढकलणारं ते यंत्र. आणि निघायच्या आठवड्यात वडिलांचं कार्ड आलं.

"मी या महिन्याअखेर रिटायर होऊन राहिलो. क्वार्टर खाली करा लागते. तुह्या ऑफिसात जाऊन आलो. तुमच्या बॅचसाठी सेक्टर दोनमधलं एकच फॅमिली क्वार्टर ठेवलं आहे म्हणते. बाकी पुढचे सेक्टर झाल्यावर. तू लवकर ये."

हे वाचून मला काय करायचं ते लगेच कळलं, कारण नियम मला पाठ होता. बाहेरून शिकून आलेल्याची सिनियॉरिटी तो भिलाईच्या रजिस्टरात ज्या दिवशी सही करतो त्या दिवसापासून. क्वार्टर सिनियॉरिटीनं. जो आधी सही करेल त्याचं घर. नऊतले सात जण सडे, त्यांना होस्टेलच मिळायचं. फॅमिली क्वार्टरवर हक्क सांगणारे दोघंच होते. म्हाताऱ्या आईबापांचा मी एक, आणि दुसरा अमरावतीवाला. महिनाअखेर आईबाप बेघर होतात, एवढं मी सगळ्यांना बोलून दाखवलं होतं.

अमरावतीवाल्याबद्दल मला तेव्हा काय वाटत होतं ते सभ्य शब्दांत लिहिता येणार नाही, पण प्रयत्न करतो. चौथ्या महिन्यात तो रशियन असं बोलायला लागला की कँटीनची बाई त्याला न मागता दुसऱ्यांदा सूप वाढायची. माझ्या ताटलीकडं ती बघायचीही नाही. आम्हाला शिकवणाऱ्या रशियन उस्तादानं त्याला पुशर एकट्यानं चालवायला दिला, मला त्यानंतर तीन आठवड्यांनी. थंडीनं माझे ओठ फाटले, त्याचे गाल गुलाबी झाले. सगळ्यांना सरकारी मापाचे ओव्हरकोट मिळाले होते. माझा गुडघ्याखाली लोंबायचा, त्याचा जणू शिंप्यानं घरी येऊन शिवला. दर आठवड्याला जांभळ्या शाईत बायकोचं पत्र. मधे मुलगा झाल्याची तार आली तेव्हा आठही जणांनी त्याला खांद्यावर घेतलं, मीसुद्धा घेतलं, आणि वजन माझ्याच खांद्यावर जास्त येतंय असं मला सारखं वाटत राहिलं.

मी याला हेवा म्हणत नसे. माझ्याकडं त्यासाठी चांगले शब्द होते. त्याचे वडील हेडक्लार्क, त्याचा मामा भिलाईच्या अकाउंट्समध्ये. मी मनात म्हणायचो, हा वर्गाचा प्रश्न आहे.

मॉस्कोहून ताश्कंदला नीट आलो. तिथून दिल्लीचं विमान दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. सकाळी उठून बघतो तर काचेबाहेर काही नाही. विमानं नाहीत, धावपट्टी नाही, समोरचा दिव्याचा खांबही नाही. धुकं. चौकशीच्या खिडकीमागं एक जाड, सोन्याच्या दाताची बाई बसलेली असायची. तिला विचारलं की ती एकच शब्द बोलायची, "झाव्त्रा." म्हणजे उद्या. दुपारी विचारलं, झाव्त्रा. संध्याकाळी विचारलं, झाव्त्रा. दुसऱ्या दिवशी तोच शब्द तिनं मान वर न करता म्हटला.

आम्ही लाकडी बाकांवर. सामान उशाला. प्रत्येकानं घरी न्यायला काही ना काही घेतलेलं. कोणाकडं कॅमेरा, कोणाकडं चहाचा समोवार, बंगाल्याकडं एक भलीमोठी अकॉर्डियन, जी त्याला वाजवता येत नव्हती. माझ्याकडं विजेची इस्त्री होती, आईसाठी. आमच्या घरात वीज नव्हती हे मला माहीत होतं. पण सेक्टर दोनच्या क्वार्टरांत भिंतीत प्लग असतो हेही माहीत होतं. ती इस्त्री मी त्या भिंतीसाठी घेतली होती.

आणि वरच्या मजल्यावर एक शिष्टमंडळ उतरलेलं. कुठलं ते कळलं नाही, आपलेही दोन सुटाबुटातले त्यात होते. त्यांना गालिचे, पडदे, पलंग, गरम पाणी. आपले ते दोघं एकदा जिना उतरून आले, आमच्याकडं बघून "अच्छा, ट्रेनी!" म्हणाले आणि परत वर गेले. माझं डोकं फिरलं. मी बॅगेतून कागद काढला आणि तिथंच पत्रक लिहिलं. धुकं सर्वांना सारखं आहे, मग पलंग सारखे का नाहीत, अशी सुरुवात. आमच्या वकिलातीला केलेल्या तारेचं उत्तर नाही, त्यावर एक परिच्छेद. कामगारांच्या देशात कामगार बाकावर, त्यावर दोन. त्या बाईला ते रशियनमध्ये सांगायला अमरावतीवाल्याशिवाय कोण होतं? त्यानं कागद घेतला, खिडकीशी गेला, काहीतरी बोलला. बाई हसली. आणि अर्ध्या तासात नऊ घोंगड्या आल्या, गोल रोट्या आल्या, वाडग्यांतून हिरवा चहा आला.

मी म्हणालो, "बघा. दणका दिला की असं होतं."

अमरावतीवाला चहा फुंकत म्हणाला, "तुह्या कागदातलं मी काहीच नाही सांगतलं गा. तिले म्हटलं, आमचा एक जण थंडीनं पागल होऊन राहिला, घोंगडी द्या."

सगळे हसले. मीही दात दाखवले. चहा चांगला होता, आणि तो त्याच्यामुळं आला होता. मी माझा वाडगा बंगाल्याकडं सरकवला.

तिसऱ्या दिवशी धुकं थोडं विरळ झालं. दुपारी एक विमान उतरल्याचा आवाज आला. लोक काचेला चिकटले. आमचे पासपोर्ट एका कॅनव्हासच्या पिशवीत, आणि पिशवी आमच्यातल्या वयानं मोठ्या सरदारजीजवळ. मी बघितलं, अमरावतीवाला सरदारजीजवळ गेला, त्याच्या कानाशी काही बोलला, पिशवी उघडली, पासपोर्ट उलटेपालटे केले आणि त्यातला एक काढला. एकच. तो घेऊन तो खिडकीशी गेला आणि सोन्याच्या दाताच्या बाईशी वाकून बोलू लागला. बाई मान हलवत होती. हसतही होती.

मी बंगाल्याला विचारलं, "क्या चल रहा है?"

"शिष्टमंडल का जहाज है, दिल्ली जाएगा. एक सीट खाली है बोलता है. वो बात कर रहा है."

एक सीट. एक पासपोर्ट. मला पुढचं सगळं दिसलं. तो उद्या दिल्लीत, मग नागपूर, मग दुर्ग, मग रजिस्टर. सही. सेक्टर दोनच्या दारावर त्याच्या नावाची पाटी. आत त्याची जांभळ्या शाईची बायको आणि पाळणा. आणि माझे वडील यार्डाच्या कडेला ट्रंकेवर बसलेले.

मी त्याच्याकडं जाऊन सरळ विचारायला हवं होतं, की बाबा, कोणासाठी चाललंय? एवढ्या एका प्रश्नाचं काम होतं. पण पत्रकं लिहिणारा माणूस प्रश्न विचारत नाही, तो सभा बोलावतो. मी घड्याळाखालच्या बाकावर चढलो आणि टाळी वाजवली.

"साथियो, इधर आओ! मीटिंग!"

आमच्यात ही सवय भिलाईपासूनची होती. मीटिंग म्हटलं की यायचं, अध्यक्ष निवडायचा, ठराव वाचायचा, हात वर करायचे. घरात भांडण झालं तरी आम्ही ते याच रीतीनं मिटवलं असतं. सरदारजीला अध्यक्ष केलं. तो काहीतरी सांगायला लागला, "ओए, पर वो तो..." मी म्हणालो, "अध्यक्षजी, पहले प्रस्ताव." मी बोलायला लागलो. आज एक सीट, उद्या दोन, परवा कोण राहील? मागं राहणाऱ्याला कोण विचारेल? आपण एकत्र आलो, एकत्र शिकलो, आता ओळख आणि गोड बोलणं यांच्या जोरावर एकानं पुढं सटकायचं? बोलता बोलता माझा आवाज भरून आला. तो खोटा नव्हता. हेच तर वाईट आहे. मत्सरात माणसाला जेवढं खरं बोलल्यासारखं वाटतं तेवढं दुसऱ्या कशात वाटत नाही.

"जाएँगे तो नौ के नौ!" मी म्हणालो.

"नौ के नौ!" बाकीचे ओरडले. तीन दिवस बाकावर झोपलेल्या माणसांना ओरडायला काहीतरी हवंच होतं. शिवाय एकटा कोणी घरी पोचावा असं त्यांच्यातही कोणाला वाटत नव्हतं.

तेवढ्यात अमरावतीवाला खिडकीकडून आला. हातात पासपोर्ट. "काय बे, काय चालू आहे?"

"प्रस्ताव चालू है."

"अबे पह्यले ऐक तं. मी काय म्हणून राहिलो..."

"जिसके बारे में प्रस्ताव है, वो वोटिंग के बाद बोलेगा," मी म्हणालो. असा नियम आमच्या युनियनमध्ये खरंच होता. मीच आणला होता.

"काऊन बे? माह्यं ऐकून घेतल्यानं तुहा ठराव पळून जाते का?"

"अध्यक्षजी, मतदान लो."

सरदारजीनं माझ्याकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं, खांदे उडवले. हात वर झाले. आठ.  अमरावतीवाल्यानं हातातल्या पासपोर्टाकडं बघितलं. मग तो पासपोर्ट पिशवीत टाकला आणि रिकामा झालेला हात वर केला. थोडा हसलासुद्धा. आठाचे नऊ झाले. मी कागदावर लिहिलं, ठराव एकमतानं मंजूर. त्याच्या त्या हसण्याचाही मला राग आला. हरतानासुद्धा याला हसता येतं.

"आता बोल," मी म्हणालो.

"आता काय बोलू?" तो म्हणाला. "झालं ते झालं." आणि खिडकीशी जाऊन त्यानं सीट नको म्हणून सांगितलं. का म्हणून बाईनं विचारलं असणार, कारण त्यानं बोट माझ्याकडं केलं. तिनं माझ्याकडं बघत आपल्या कपाळाच्या बाजूला बोट फिरवलं. त्याचा अर्थ कुठल्याही देशात सारखाच. सीट एका केसाळ टोपीवाल्याला मिळाली.

ते विमान उडालं. आम्ही काचेतून बघत होतो. खरं सांगतो, मला बरं वाटलं. घोंगडी पांघरून मी इतका छान झोपलो, जसा नऊ महिन्यांत झोपलो नव्हतो. त्या सीटवर मी स्वतः गेलो असतो तर वडिलांना घर मिळालं असतं, हा विचारही माझ्या मनात आला नाही. तो गेला नाही, एवढंच मनात होतं.

अजून दोन दिवस झाव्त्रा, झाव्त्रा झालं. त्या दोन दिवसांत अमरावतीवाला मांडीवर वही ठेवून पत्र लिहीत होता. बायकोला असणार. मी त्याच्याशी फार गोड वागलो. त्याला माझी रोटी दिली. जिंकलेल्या माणसाला एवढं परवडतं.

मग ऊन पडलं. आम्ही नऊच्या नऊ उडालो. दिल्लीत पुन्हा पुढच्या गाडीची रखडपट्टी, नागपूरला पहाटेची बदली, आणि दुर्गला उतरलो तेव्हा महिना संपायला चार दिवस होते. घरी गेलोच नाही. इस्त्रीचं खोकं काखेत घेऊन सगळ्यांसोबत सरळ भिलाई, सरळ ऑफिस. रजिस्टरात मी पहिली सही केली. अमरावतीवाला रांगेत सगळ्यांत मागं उभा होता, कोणाशी तरी गप्पा हाणत. त्याची नववी.

क्लार्क यवतमाळकडचा होता. मला ओळखायचा, माझी पत्रकं त्याच्या टेबलाच्या काचेखाली होती. मी म्हणालो, "पहिली सही माझी. सेक्टर दोनचं क्वार्टर."

त्यानं चष्मा वर केला. "पह्यली सही नाही पाहत भाऊ, तारीख पाहते. तारीख नवाची बी एकच."

"मग?"

"एक तारीख असली तं जन्मतारीख. जो मोठा तो सिनियर." त्यानं बोट फिरवलं. "फॅमिलीवाले दोघं. अमरावतीवाले तुमच्यापेक्षा चार महिन्यानं मोठे आहेत."

"हा कुठला नियम?"

"त्याच पानावर आहे. खालची ओळ." त्यानं पान काढून माझ्यासमोर ठेवलं. "तुमीच लिहलं होतं ना मागच्या पत्रकात, कर्मचाऱ्यांनी नियम वाचावेत म्हणून?"

खालची ओळ होती. मी ती कधी वाचली नव्हती. एक दिवस आधी एकटा कोणी पोचला असता तर ती ओळ कोणाच्याच कामाची नव्हती. नऊ जणांना एका तारखेला आणून मीच ती जिवंत केली होती.

महिनाअखेर वडिलांनी क्वार्टर सोडलं. हातगाडीवर सामान घालून आम्ही दुर्गातच स्टेशनामागं एका खोलीत आलो. वडील जिंदगीभर यार्डात राहिलेले. पहिले कितीतरी दिवस ते इंजिनाची शिटी झाली की अंगणात येऊन उभे राहायचे. पाणी आता पाऊण फर्लांगावरून. इस्त्री खोक्यातच, खोकं ट्रंकेवर. मी "क्वार्टर वाटपातील अन्याय" नावाचं पत्रक काढलं. खूप गाजलं. त्यात ताश्कंद नव्हतं.

अमरावतीवाल्यानं क्वार्टर घेतलं. मला वाटलं होतं तो एकदा तरी म्हणेल, तू घे. तो म्हणाला नाही. फाल्गुनात त्याची बायको बाळाला घेऊन आली. मी पाळीवर जाताना सायकल मुद्दाम त्या गल्लीतून न्यायचो. खिडकीला हिरवा पडदा लागला तो बघितला. दारात तुळस आली ती बघितली. दोरीवर लंगोट वाळताना मोजले. स्वतःचं तोंड बघवत नव्हतं, पण सायकल तिकडंच वळायची.

चैत्रात त्याच्या बायकोनं हळदीकुंकवाला आईला बोलावलं. सेक्टरातल्या मराठी बायका मोजक्या, त्यामुळं दुर्गपर्यंत निरोप आला. आई गेली. संध्याकाळी ओटीत हरभरे आणि तोंडात तेच घर घेऊन परत आली. नळ घरातच आहे वं बाई, असा दांडगा. मोरी निराळी. बटन दाबलं का उजेड. पोरगं बी मोठं गोड, माह्या अंगावर आलं. मी भिंतीकडं तोंड करून ऐकत होतो. वडील दारात बसून सुपारी कातरत होते.

मग आई म्हणाली, "अन् तिनं मले एक पत्र वाचून दाखवलं. तिच्या नवऱ्यानं धाडलेलं, त्या बर्फाच्या गावाहून. तो घरी पोचल्यावर किती तरी दिवसांनी आलं म्हणे ते. त्यात तुह्यं लिहलं आहे."

"माझं काय?"

"का इमानात एक जागा खाली होती. यानं त्या खिडकीवालीले लय इनवलं, का या आमच्या दोस्ताचे मायबाप महिन्याअखेर रस्त्यावर येते, त्याले धाडा. तिनं हो म्हटलं. तुह्यं पासपोट का काय ते, ते बी नेऊन दाखवलं. आपल्याले घाई नाही, तू तं माहेरी सुखात आहे, असं तिले लिहलं." आई माझ्याजवळ येऊन बसली. "मग तू आला काऊन नाही रे?"

वडिलांचा अडकित्ता थांबला.

सगळ्यांसमोर, बाकावर चढून, भरल्या आवाजात मी जी सीट बंद पाडली ती माझी होती. त्यानं पिशवीतून काढलेला तो एक पासपोर्ट माझा होता. सरदारजीला माहीत होतं. मी दोघांना बोलू दिलं नाही. आणि नंतर त्यानं सांगितलं असतं तर आठ जणांसमोर माझी काय लायकी राहिली असती हे त्याला कळलं होतं, म्हणून त्यानं सांगितलंही नाही.

"इमान चुकलं का?" आईनं पुन्हा विचारलं.

मी सांगितलं. सगळं नाही जमलं, पण मुख्य ते सांगितलं, की मला वाटलं तो स्वतःसाठी करतोय, म्हणून मी ठराव केला.

आईनं ओटीतले हरभरे सुपात ओतले. "म्हणजे त्याले अडवासाठी तू सगळी गाडी थांबवली," ती म्हणाली. वडील अडकित्ता खाली ठेवून उठले, बादली घेतली आणि नळाकडं निघून गेले. ते जाताना मी त्यांच्या हातातून बादली घ्यायला हवी होती. तेवढंही सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सकाळी आईनं ट्रंकेवरचं खोकं उतरवून पुसलं. "हे घे अन् जाय तिकडं. लेकराले पाहाले रिकाम्या हातानं नाही जात."

"आई, ती तुझ्यासाठी आणली आहे."

"मी काय तिच्यात कोयसा टाकू? जाय."

सेक्टर दोनला मी सायकल त्याच्या दारात उभी केली तेव्हा अमरावतीवाला बनियनवर, खांद्यावर पोरगं. "अबे, पत्रकवाले! आज इकडं कसे? चंदा मागाले का?"

मी खोकं पुढं केलं. "बाळासाठी." मग म्हणालो, "ती मीटिंग मी तुला अडवायला घेतली होती."

"माहीत आहे बे."

"सीट माझी होती हे मला..."

"ते बी माहीत आहे. तुह्या मायले काल पत्र वाचून दाखवलं तेव्हा मी आतमंदी डोकं धरून बसलो होतो. बायकोले काय माहीत, तिले वाटलं तुही तारीफ होऊन राहिली." त्यानं पोरगं दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

"मग क्वार्टर तरी सोडायचं होतंस मला."

हे मी बोललो. माफी मागायला गेलेला माणूस हे बोलला. तो जोरात हसला.

"सीट सोडणं निराळं गा. बायकोले समजलेलं क्वार्टर सोडून पाह्य तू एकडाव. ये आत."

आत तोच नळ, तेच बटन, आई सांगत होती तसं. त्याच्या बायकोनं पन्हं दिलं. त्यानं इस्त्री बाहेर काढली, उलटीसुलटी करून बघितली, "लय जड आहे, अस्सल आहे," म्हणाला. प्लगमध्ये लावायला गेला तर रशियन पिना आपल्या भोकांत बसेनात. मी मनात म्हणालो, बघ, हेही होत नाही. पण त्यानं चाकू आणला, वायर कापून सोलली, दोन्ही तारा भोकांत घातल्या आणि आगपेटीच्या काड्या खोचून घट्ट केल्या. बटन दाबलं. थोड्या वेळानं त्यानं बोट ओलं करून इस्त्रीच्या तळाला लावलं. चर्र झालं.

"तुह्या मायले सांग, कपडे घेऊन येत जाय म्हणा इथं," तो म्हणाला.

मी हो म्हणालो. त्याच्या बायकोनं टेबलावर चादर दुमडून अंथरली आणि बाळाचं झबलं घेतलं. इस्त्री त्यावरून फिरली, सुरकुत्या गेल्या. मी त्या भिंतीतल्या प्लगकडं बघत होतो. पन्हं संपवून निघेपर्यंत बघत होतो.